नंदीवरची काच

पाहुण्यांच्या घरी गेलं की माणसं आधी पाणी पितात, ख्यालीखुशाली विचारतात. आमची स्नेहलता आधी भिंत पाहते. लग्न ठरल्यावर आमचं घर पाहायला आली, तेव्हा माझ्या वडिलांच्या देखत माजघराच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "या भिंतीनं पोट काढलंय." वडिलांचं तोंड उतरलं. आई आत जाऊन मला म्हणाली, "पोरगी नांदाले येऊन राह्यली का भिंत तपासाले?" मी तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. नाही ओळखलं, आता भोगतो आहे.

मी हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालो. आम्ही मेहकरला राहतो. मास्तरकी केल्यामुळे लिहिताना जरा शहाण्यासारखी भाषा येते, पण राग आला की आपली वऱ्हाडी बाहेर पडते. आणि ही हकिकत सांगताना मला राग येणारच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

भिंतीचं हे वेड तिला किल्लारीनं लावलं. भूकंप झाला तेव्हा ती पॉलिटेक्निकला शिकत होती. जळगाव जामोदच्या एका कारकुनाची लेक, वर्गात एकटी मुलगी. कॉलेजची पोरं मदतीला निघाली तर ही पण निघाली. वडील नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही. तिथं काय पाहिलं ते ती फारसं सांगत नाही. एकदाच म्हणाली की दगड उचलता उचलता कळेना, कोणाची भिंत कुठं संपते आणि कोणाचं घर कुठं सुरू होतं. मातीत बसवलेले मोठमोठे दगड, वरून धाब्याचं ओझं, आणि सगळं झोपलेल्या माणसांवर आलेलं. परत आली तेव्हा हातांची सालटी निघाली होती. तिनं पुढे पॉलिटेक्निकमध्येच शिकवलं, आणि जुन्या दगडी बांधकामाला हादरा बसला तर त्याचं काय होतं, हाच अभ्यास जन्मभर केला. जिल्ह्यातल्या जुन्या बारवा, देवळं, वेशी आम्ही स्कूटरवर फिरून पाहिल्या. लोक लोणारला सरोवर पाहायला जातात. मी तिथं बायकोच्या हातातल्या टेपचं दुसरं टोक धरून उभा राहिलो आहे.

मधल्या काळात हिंगोलीकडे धक्के बसले, आमच्याकडेही मांडणीतली भांडी वाजली. मग सरकारला जाग आली आणि जुन्या वास्तू किती धोक्याच्या आहेत ते पाहा म्हणून काही जणांना कामं दिली. हिच्या वाट्याला सुलतानपूरच्या पुढचं एक गाव आलं. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर तिथले पाटील भांडायला माझ्या घरी येतील. गावात महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड नुसता ठेवलेला. खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर छताचे दगड, सगळं आपापल्या वजनानं दबून उभं आहे. ते शतकानुशतकं उभं राहिलं हे खरं. पण देवस्थान समितीनं छत गळतं म्हणून वरून सिमेंटचा जाड कोबा ओतला आणि त्याच्यावर विटांचं नवं शिखर चढवून गुलाबी रंग दिला. हौसेला मोल नाही म्हणतात, पण हौसेला वजन असतं हो! त्या वजनानं नंदीच्या डोक्यावरच्या तुळईला आरपार तडा गेला होता.

स्नेहलतानं पहिल्याच भेटीत सांगितलं की सभामंडपाला खालून टेकू द्या, वरचा कोबा उतरवा आणि तोवर मंडपात माणसं बसवू नका. समितीचे अध्यक्ष ज्ञानेश्वर पाटील हसले. देऊळ आठशे वर्षं उभं आहे, किल्लारीच्या वेळी हललं नाही, आता काय पडतं म्हणाले. ती म्हणाली, "पाटील, आठशे वर्षं ते तुमच्या सिमेंटशिवाय उभं होतं." पाटलांना ते झोंबलं. तेव्हापासून ते हिला 'भूकंपवाल्या बाई' म्हणायला लागले, तेही तोंडावर.

तालुक्याच्या साहेबांचं म्हणणं वेगळं. ते म्हणाले की मॅडम, तडा जुना असू शकतो, तो वाढतो आहे हे दाखवा, मग खर्चाची फाइल पुढे सरकेल. म्हणणं चुकीचं नव्हतं. तडा मोजायची यंत्रं तिनं मागवली, त्यांचीच फाइल सरकली नाही. मग तिनं जुनी साधी युक्ती काढली. तड्याच्या दोन्ही कडांना धरून काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायची. दगड केसभर जरी सरकला तरी काच ताणत नाही, ती फुटते. काच फुटली की समजायचं, तडा जिवंत आहे. सुलतानपूरच्या बाजारात फोटोफ्रेमचं दुकान चालवणाऱ्या गफ्फारभाईंकडून तिनं पट्ट्या कापून आणल्या, जिथं जिथं तडा दिसला तिथं प्लास्टरनं लावल्या आणि शेजारी दगडावर खडूनं खुणा केल्या.

देवळाची पूजाअर्चा आणि झाडलोट रुखमाबाई करतात. गुरवाच्या घरातल्या, नवरा गेल्यावर देवाचं सगळं त्यांच्याच अंगावर. तोंडात तंबाखूची मिश्री, कमरेला चाव्या, आणि महादेवाशी बोलतात ते घरातल्या म्हाताऱ्याशी बोलावं तसं, "उठा आता, ऊन आलं." त्यांनी पट्ट्या लावताना शिडी धरली. पहिल्याच महिन्यात प्लास्टर ओलं राहून एकदोन पट्ट्या गळून पडल्या, तेव्हा स्नेहलतानं त्यांना प्लास्टर कसं कालवायचं, पट्टी कशी दाबून धरायची ते शिकवलं. जादा पट्ट्यांचं पुडकं कोनाड्यात ठेवलं आणि निघताना, चांगलं आठवतं मला, रुखमाबाईंचा हात धरून म्हणाली, "मावशी, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. या काचांना काही होऊ देऊ नका."

वर्षभर आम्ही महिन्याच्या महिन्याला गेलो. उन्हात गेलो, चिखलात गेलो. दरवेळी ही शिडीवर चढायची, बॅटरी मारून प्रत्येक पट्टी बघायची आणि उतरायची. सगळ्या काचा शाबूत. तिचा हिशोब सांगत होता की तडा वाढायलाच पाहिजे, आणि काच सांगत होती की नाही वाढत. मधे हिंगोलीकडे पुन्हा हादरा बसला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी धावत गेली, तरी काचा जशाच्या तशा. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, मी चुकतेय बहुतेक. मला पडणारंच सगळीकडे दिसतं." एवढी हिमतीची बाई, पण त्या वर्षात स्वतःवरचा विश्वास घालवून बसली. मला काचेचा राग आला होता, म्हणजे बघा!

हिवाळ्यात तालुक्याला बैठक झाली. साहेबांनी विचारलं की वर्षभरात एक तरी काच फुटली का. नाही म्हणाली. तर मग तसं लिहून द्या म्हणाले. तिनं लिहून दिलं की सध्या हालचाल आढळत नाही. टेकूचा विषय संपला. पाटलांनी चहा मागवला आणि हिला बळंच पेढा खाऊ घातला.

शिवरात्र तोंडावर आली होती. त्या गावात शिवरात्रीला दिवसभर रांग असते, आणि दुसऱ्या दिवशी पारण्याचा मोठा भंडारा. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. पुरुषांच्या पंगती बाहेर बसतात आणि बायका-लेकरांच्या सभामंडपात, सावलीला. नंदीच्या भोवती सगळ्यात आधी जागा धरतात, कारण तिथं दगड गार असतो.

अशात मी माझा निरोपसमारंभाचा फोटो फ्रेम करायला गफ्फारभाईंकडे गेलो. बायकोची चौकशी झाली. मग ते काच कापता कापता सहज म्हणाले, "सर, मॅडमच्या मंदिराचं काम संपलं नाही का अजून? थे गुरवीणबाई परत पट्ट्या घेऊन गेली मागच्या हप्त्यात. तिसऱ्यांदा आली." मी विचारलं, कोणत्या पट्ट्या? ते म्हणाले, त्याच मापाच्या. नमुना म्हणून फुटकी पट्टी पदरात बांधून आणते.

फोटो तिथंच टाकून घरी आलो आणि बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं विळी बाजूला सारली, उभी राहिली आणि म्हणाली, "गाडी काढा."

रुखमाबाई नंदीला आंघोळ घालत होत्या. विचारलं तर लपवलं वगैरे काही नाही, उलट कौतुकानं सांगायला लागल्या. काच फुटली की त्या लगेच दुसरी लावत. देवाच्या घरात फुटकी काच ठेवू नये, अवदसा येते, हे लहान लेकराला पण माहीत आहे. आणि बाईंनी तर हात धरून सांगितलं होतं की काचांना काही होऊ देऊ नका. कोनाड्यातलं पुडकं संपलं तेव्हा स्वतःच्या पदरच्या पैशानं आणल्या, बाईंना कशाला त्रास. फुटलेले तुकडेही फेकले नव्हते. देवाच्या अंगाला लागलेली वस्तू उकिरड्यावर टाकत नाहीत, म्हणून एका मडक्यात जमा करून ठेवलेले, सोमवतीला पैनगंगेत सोडायला. मडकं आणून दाखवलं. अर्ध्याच्या वर भरलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, अवो रुखमाबाई, काय करून ठेवलं तुमी हे? वर्षभर आमी काय झक मारत येत होतो का इथं? बायकोनं मला गप्प केलं. ती मडक्याशी खाली बसली, एक एक तुकडा काढून पाहायला लागली. मग तिनं रुखमाबाईंना काच कशासाठी होती ते सांगितलं. काच फुटणं हेच महादेवाचं सांगणं होतं, असं तिनं समजावलं. कोणत्या काचा जास्त फुटल्या, असं विचारलं. रुखमाबाईंनी नंदीच्या वर बोट दाखवलं. मग म्हणाल्या, "मंग इतके दिवस मी देवाचं तोंड दाबून बसली होती का?"

स्नेहलतानं त्यांना दोष दिला नाही. मला मात्र येताना रस्त्यात म्हणाली की चूक माझी आहे, मी गळून पडलेली काच लावायला शिकवली आणि फुटलेल्या काचेचं काय करायचं ते सांगितलंच नाही. मला ते पटलं नाही. आजही नाही पटत. माणसानं सांगावं तरी किती!

दुसऱ्या दिवशी मडकं घेऊन आम्ही साहेबांकडे. त्यांनी तुकडे पाहिले, नाक मुरडलं आणि विचारलं की ही काच कुठल्या खांबाची, कधी फुटली. मडक्यातल्या काचेला कुठली तारीख असते? ते म्हणाले, "मॅडम, तुम्हीच लिहून दिलं हालचाल नाही. आता शिवरात्र आली असताना देऊळ बंद करा म्हणता. लोक मला जोड्यानं मारतील." यात्रा झाली की तपासणीला समिती पाठवतो, असं आश्वासन दिलं. वरातीमागून घोडं! मडकं रुखमाबाईंकडे परत ठेवून पाटलांकडे गेलो तर ते म्हणाले, पेढा खाल्ला तेव्हा गोड लागला होता ना? चहासुद्धा न विचारता त्यांनी आम्हाला लावून दिलं. मी रस्त्यात थुंकलो. मास्तर आहे, असं करू नये, पण थुंकलो.

शिवरात्रीला ही सकाळपासून देवळात. मला म्हणाली तुम्ही बाहेर थांबा. स्वतः नंदीच्या बाजूला, त्याच तुळईच्या खाली उभी राहिली आणि येणाऱ्याला पुढे लोटत राहिली, चला, थांबू नका, दर्शन घेऊन बाहेर व्हा. लोक तिला स्वयंसेवक समजले. कोणी म्हातारी टेकली की ही तिला दंडाला धरून उठवायची. मी दारातून ओरडून राह्यलो, अवो, तुमी काऊन त्याच्याखाली उभ्या आहा? तुमाले जीव नाई का? ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. मला त्या दिवशी तिचा इतका राग आला की बोलायची सोय नाही. आणि रागापेक्षा भीती जास्त होती, हे आता लिहायला हरकत नाही.

रांग सरकत राहिली म्हणून तो दिवस निभावला. पण पंगत सरकत नाही. पंगतीत माणूस तासभर मांडी घालून बसतो, वर छताकडे कोण बघतं? बाहेर ढोल-ताशे, जनरेटर, ट्रॅक्टरांची ये-जा. पारण्याच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. स्नेहलता पाटलांचे पाय धरणार होती, मला माहीत होतं. शिडीसाठी एरवी घालते तो पंजाबी ड्रेस सोडून तिनं तसं ठरवूनच पातळ नेसलं होतं.

पण देवळापाशी आधीच गलका. बायका ताटं-लेकरं घेऊन पायऱ्यांवर अडलेल्या. चपला काढून सगळ्या अनवाणी, आणि आत कोणी पाय टाकत नव्हतं. आम्ही गर्दीतून पुढे गेलो. सभामंडपभर काच पसरली होती. नंदीच्या भोवती तर चकचक करत होती. नुसते तुकडे नव्हते, वरवंट्यानं ठेचून बारीक केलेली, दगडांच्या सांध्यासांध्यात भरलेली. रिकामं मडकं उंबऱ्याशी, आणि त्याच्या शेजारी रुखमाबाई मांडी घालून बसलेल्या.

पाटील लालबुंद झाले होते. झाडून काढ म्हणाले. रुखमाबाई म्हणाल्या, "तीन पिढ्या झाडलं पाटील. आज नाई झाडत." मग पाटलांनी दुसऱ्या कोणाला झाडू आणायला लावला. झाडलं, पण सांध्यातली काच झाडूनं निघते होय? एक बाई धाडस करून आत गेली आणि चार पावलांवर तळपाय धरून परत आली. झालं. लेकरांच्या आयांनी ताटं उचलली आणि कडुनिंबाखाली जाऊन बसल्या. ज्या देवळात बाईचं ज्ञान, हिशोब, साहेबांचे कागद काही करू शकले नाहीत, तिथं अनवाण्या पायांनी काम केलं. पंगती उन्हात उठल्या. वाढपे, पाहुणे, म्हाताऱ्या, सगळ्यांनी रुखमाबाईंना शिव्या घातल्या. त्या उंबऱ्यावरून हलल्याच नाहीत.

आणि तुम्हाला वाटेल, त्या दुपारी तुळई पडली असेल. नाही पडली! काही पडलं नाही. एक खडासुद्धा नाही. पंगती संपल्या, ट्रॅक्टर गेले, देऊळ तसंच उभं. संध्याकाळी पाटील सगळ्यांसमोर म्हणाले की दोन बायांनी मिळून देवाचा अपमान केला. समितीनं रुखमाबाईंची झाडलोट काढून घेतली. पूजा वंशाची म्हणून तेवढी ठेवली. गावातली माणसं त्यांच्याशी बोलेनाशी झाली. आणि आमच्या घरात स्नेहलता जेवताना मधेच थांबायची नि म्हणायची, "त्या बिचारीचं मी वाटोळं केलं." तिनं नव्या पट्ट्या मात्र लावल्याच. रुखमाबाईंना या वेळी नीट सांगितलं, फुटली तर फुटू द्या, हात लावू नका, मला फोन करा. साहेबांची समिती आली नव्हतीच.

मला या सगळ्याचा किती वैताग आला ते कसं सांगू? संकट टळलं तर माणूस खोटा ठरतो. पडलं असतं तर सगळे म्हणाले असते, बाईनं सांगितलं होतं. माणसं वाचली म्हणून बाई खोटी! मी तसा देवभोळा नाही, पण त्या दिवसांत रोज आंघोळीनंतर महादेवाला म्हणायचो, बापा, एकच दगड पाड. कोणी नसताना पाड, पण पाड. हिच्यासाठी पाड, आणि त्या म्हातारीसाठी पाड. असं मागणं मागतात का देवाजवळ? मी मागितलं.

अक्षय्य तृतीया होऊन गेली होती. एक दिवस सकाळी मांडणीतली ताटं वाजली, थोडीशीच, शेजारच्यांना कळलंही नाही. स्नेहलता पंख्याकडे पाहत उभी राहिली. दुपारी तिचा फोन वाजला. तिनं स्पीकर लावला, कारण हातात कणीक होती.

"बाई, काच फुटली," रुखमाबाई म्हणाल्या. "नंदीवरची. बरोब्बर मधातून. मी हात नाई लावला."

माझ्या तोंडून "हाव!" निघून गेलं. मी टाळीच वाजवणार होतो. लगेच माझी मलाच लाज वाटली, कारण बायकोचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, मंडपात कोणी आहे का?"

"कोणीच नाई. मी दारात आडवी बसली. पाटील स्वतः आले, काच पाहून गेले, आता लोकाईले हाका मारून राह्यले, आत जाऊ नका म्हणून. तुमी या."

स्नेहलतानं कणकेचे हात तसेच पदराला पुसले. मी किल्ली शोधत होतो, ती माझ्याच खिशात होती. मी खाली पोचलो तेव्हा ती चपला घालून स्कूटरपाशी उभी होती आणि रडत होती.